बुधाच्या कमरेचा नायटा

मी नायटा बोलतोय. नाक मुरडू नका. गोल चेहरा, लालसर कांती. रूपात मला नाव ठेवायला जागा नाही. सुरगाण्याच्या बुधाच्या कमरेवर, ओल्या पँटच्या पट्ट्याखाली माझा जन्म झाला, साल अठ्ठ्याण्णव.

बुधा सुरगाणा-नाशिक जीप चालवायचा. मला लाडाची लहर आली, की ऐन घाटात त्याचा एक हात स्टिअरिंग सोडून माझ्याकडे यायचा. मागच्या बाया देवाचा धावा करायच्या. हळूहळू शिटं, म्हणजे प्रवासी, त्याच मार्गावरच्या पुंजाच्या जीपकडे वळली. बुधा रिकाम्या जीपमध्ये खाजवत बसायचा आणि माझी मात्र भरभराट चालली होती.

अशात टाकळा गोळा करायला सुरगाण्याला येणाऱ्या मोहिनी मॅडम जीपमध्ये भेटल्या. नाशिकच्या फार्मसी कॉलेजात त्या नायट्यावर टाकळ्याचं औषध तयार करत होत्या. टाकळा म्हणजे आमचा हाडवैरी! माझं धाबं दणाणलं. बुधाचं खाजवणं पाहून त्यांनी त्याला हिरव्या लगद्याची बरणी दिली. "सकाळ-संध्याकाळ, न चुकता," एवढंच बजावलं.

घरी त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं, वास घेतला. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी त्यांच्याकडे नेहमीचीच. "हा तर टाकळा हाय!" म्हणत तिनं लसणाची फोडणी दिली आणि नागलीच्या भाकरीबरोबर वाढला. सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

"काही फरक?" मॅडमनी पुढच्या खेपेला विचारलं.

"लय भारी, मॅडम!"

कमरेवरचा नायटा बाईमाणसाला दाखवायचा कसा? बुधा लाजला, मॅडमनीही आग्रह केला नाही. बरण्या येत राहिल्या, बुधा जेवत राहिला, मी पाठीपर्यंत पसरलो.

एकदा मॅडम पुढच्या शिटावर होत्या. वळणावर बुधाचा हात माझ्याकडे आला आणि त्यांनी किंचाळून स्टिअरिंग धरलं.

"अहो, औषध घेताय ना?"

"घेतो की! फक्त मीठ टाकत जा जरा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. पुढच्या बरणीत त्यांनी करंजाचं कडूजहर तेल मिसळलं. रंगूबाईनं बोट चाटलं आणि थू थू केलं. "हे खाण्याजोगं नाय, म्हंजे औषदच! काढा शर्ट."

मग माझे हाल कुत्रा खाईना. ताटाएवढा मी बटणाएवढा झालो. बुधाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहू लागले, शिटं परत आली. गाणं म्हणत तो घाट उतरायचा तेव्हा, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

मी शेवटच्या घटका मोजत होतो, तेवढ्यात स्टँडवर घामाघूम पुंजा आला. "बुधा, टॉवेल दे रे जरा."

सध्या मुक्काम पुंजाच्या मानेवर. जागा ऐसपैस आहे. पण परवा मॅडमनी त्यालाही बरणी दिलीय. पाया पडतो तुमच्या, पुंजानं विचारलं तर एवढंच सांगा: भाकरीबरोबर छान लागतं.