बाईंचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. लिटरभर मापाचा, स्टीलचा, एका खांद्यावर थोडा काळवंडलेला. एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे स्टीलची दोन नळकांडी एकात एक बसवून मधली हवा ओढून घेतली आणि वर झाकण फिरवलं. ते झाकणच माझा पेलाही आहे. आत घातलेलं गार असेल तर गार राहावं, गरम असेल तर गरम, एवढंच माझं काम. पण मला जी माणसं लाभली, त्यांच्यामुळे त्या साध्या कामालाही मोल आलं.

मला विकत घेतलं एका तरुण मुलीने. ती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात होती. कोणत्या रुग्णाला काय, किती आणि केव्हा द्यायचं, हे ती ठरवत असे. तिचं लग्न झालं आणि तिच्या सामानाबरोबर मीही सासरी आलो. तिसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर. नवरा छापखान्यात नोकरीला आणि सासूबाई शाळेत भूमिती शिकवणाऱ्या. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणतो.

बाई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांना पोहण्याचं वेड होतं. गावाबाहेर एक लांबलचक तलाव आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा किलोमीटर. तो एका दमात पोहून जायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आठवड्यातले तीन दिवस त्या उजाडता उजाडता पाण्यात उतरायच्या आणि दोन तासांनी बाहेर यायच्या. कपडे बदलायचे, ओल्या केसांचा अंबाडा बांधायचा, धावत बस गाठायची आणि थेट वर्गावर. पोटात अन्नाचा कण नाही. डबा उघडायच्या तो मधल्या सुट्टीत.

असं किती दिवस चालणार? एका गुरुवारी तिसऱ्या तासाला फळ्यावर त्रिकोण काढता काढता बाई कोसळल्या. मुलांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी वही घेऊन वारा घालू लागलं, कुणी मुख्याध्यापिकांना बोलवायला धावलं.

मुख्याध्यापिका मनाने वाईट नव्हत्या, पण घाबरल्या होत्या. "बाई, वर्गात चाळीस मुलं असतात," त्या म्हणाल्या. "महिनाभर बघते. पुन्हा असं झालं तर पोहणं किंवा शाळा, एक काय ते ठरवा."

त्या दिवशी बाईंनी घरी येऊन सगळं सांगितलं. शाळा सोडणं शक्य नव्हतं आणि तलाव सोडवत नव्हता. सून बाजूला येऊन बसली.

"आई, पोहून बाहेर आल्यावर काय खाल्लंत?"

"वेळ कुठे असतो गं? मधल्या सुट्टीत खाते की."

"म्हणजे दोन तास राबून वर साडेतीन तास उपाशी! आणि तेही उभ्याने शिकवत. दवाखान्यात एखाद्या रुग्णाला मी असं ठेवलं तर मला उद्या घरी पाठवतील."

"अगं, पण बसमध्ये उभ्या उभ्या जेवू की काय?"

"जेवू नका. प्या."

दुसऱ्या दिवशी तिने मला फडताळातून काढलं. गार दूध, एक पिकलेलं केळं, दोन चमचे साखर, थोडा कोको आणि चिमूटभर मीठ. सगळं घुसळून माझ्यात ओतलं आणि बाईंच्या पिशवीत मला ठेवलं. "पाण्याबाहेर आलात की कपडे बदलायचे आणि अर्ध्या तासाच्या आत हे घ्यायचं. दमलेलं शरीर तेव्हा भुकेलेलं असतं. तुमच्यापुढे सगळा दिवस उभा असतो आणि जेवण लांब असतं, म्हणून हे."

पहिल्या दिवशी बाईंनी घाईघाईत सगळं एका दमात पोटात ढकललं आणि बसमधून उतरल्या उतरल्या रस्त्याच्या कडेला उलटी केली. सून रागावली नाही. एवढंच म्हणाली, "झाकणाने प्यायचं, आई. एक झाकण, मग जरा थांबायचं, मग दुसरं." तेव्हापासून बाई बसथांब्यावर बसून माझं झाकण दोन्ही हातांत धरायच्या आणि घोट घोट प्यायच्या. त्यांच्या बोटांचा थरकाप हळूहळू थांबायचा, ते मला कळायचं.

बाकीच्या दिवशी बाई अर्धाच तास पोहायच्या आणि घरी परत यायच्या. त्या दिवशी सून मला हातही लावत नसे. एकदा बाईंनीच विचारलं, "आज नाही का गं?"

"आज कशाला? तहान लागली असेल तर पाणी आहे, आणि न्याहारी टेबलावर वाट बघतेय."

पण घरात आणखी एकाचा माझ्यावर डोळा होता. बाईंचे चिरंजीव! ते संध्याकाळी बागेला दोन फेऱ्या मारायचे, 'हुश्श' करत यायचे आणि फ्रिजमध्ये सकाळसाठी घुसळून ठेवलेल्यातले दोन पेले गट्टम करायचे. थोड्याच दिवसांत त्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. शेवटी बायकोने रंगेहाथ पकडलं.

"अहो, हे दोन तास पाण्यात राबणाऱ्या माणसाचं आहे. बागेतून आलात ना? पाणी प्या आणि गुमान जेवायला बसा."

बाई हसता हसता खुर्चीत बसल्या. वर्गात कोसळल्यापासून त्या पहिल्यांदाच अशा मनापासून हसत होत्या.

महिना संपत आला. एका लांब पोहण्याच्या दिवशी मुख्याध्यापिका न सांगता वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. सलग चार तास बसल्या! बाईंनी फळ्यावर वर्तुळं काढली, रांगेरांगेतून फिरल्या, मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्यांना दटावलं. खडू एकदाही हातातून सुटला नाही. तास संपल्यावर मुख्याध्यापिकांनी पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाई, आहे तरी काय त्या थर्मासात?"

"दूध आणि केळं."

"एवढंच?"

"आणि सूनबाईंचा धाक!"

शाळा राहिली आणि तलावही राहिला. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो दिवस आला. सोबतीच्या नावेत बाईंचे धाकटे दीर होते. ते व्यवसायाने सुतार. ती नाव त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती. वाटेत प्यायला साखर-मिठाच्या पाण्याच्या बाटल्या वेगळ्या होत्या. मी मात्र काठोकाठ भरून, बंद झाकणाने नावेच्या तळाशी पडून होतो. माझी वेळ पोहणं संपल्यावरची.

पहिले चार तास पाणी शांत होतं. बाईंचे हात एका लयीत वर येत होते. मग वारा सुटला. लाटा नावेच्या कडेवर आदळू लागल्या. मी या बाजूहून त्या बाजूला गडगडत गेलो आणि एका खिळ्यावर आपटून माझ्या पोटाला चांगलाच पोचा पडला. पण माझं कुणी बघावं अशी ती वेळच नव्हती. नाव बाईंपासून लांब जाऊ नये म्हणून दीर जिवाच्या आकांताने वल्ही मारत होते.

"वहिनी, परत फिरायचं का?" ते ओरडले.

बाईंनी लाटेतून डोकं वर काढलं. "तुम्ही वल्हवताय तोवर मी पोहतेय, भाऊजी!"

दिरांनी दात आवळले आणि पुन्हा वल्ही उचलली. असा तास-दीड तास गेला. शेवटी बाईंचे पाय पलीकडच्या वाळूला लागले. काठावर शाळेतले बरेच जण जमले होते आणि मुख्याध्यापिका तर गुडघाभर पाण्यात येऊन टाळ्या वाजवत होत्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी स्वतःच भांडं असूनही माझा जीव कुठे पडला, ते मला सांगता येणार नाही.

लोक फोटो काढायला पुढे सरसावले. सून गर्दीतून वाट काढत आली. "आधी कोरडे कपडे. फोटो पळून जात नाहीत!" तिने बाईंना पडद्याआड नेलं, कोरडं केलं, शालीत गुंडाळून दगडावर बसवलं आणि माझं झाकण भरून त्यांच्या हातात दिलं.

बाईंनी ते ओठाला लावलं नाही. त्यांनी नावेकडे पाहिलं. दीर अजून फळीवरच बसले होते. तळव्यांचे फोड फुटले होते आणि बोटं वल्ह्याच्या मापाने वाकडीच राहिली होती.

"आधी भाऊजींना," बाई म्हणाल्या. "मी पोहले तेवढाच वेळ तेही राबलेत."

"दोघांना पुरेल, आई," सून म्हणाली. "सकाळी माप दोघांचंच घेतलं होतं मी."

दिरांना झाकण धरता येईना. तेव्हा बाई उठल्या. स्वतः थंडीने लटपटत होत्या, तरी नावेपाशी गेल्या आणि माझं झाकण दोन्ही हातांनी त्यांच्या तोंडाशी धरलं. थोडं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं, थोडं वाळूत. त्यांनी तीन घोट घेतले आणि म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही." सुनेने दुसरं झाकण भरलं. तिचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. बाई निवृत्त झाल्या. त्या रोज अर्धाच तास पोहतात, घरी येतात आणि सगळ्यांबरोबर न्याहारी करतात. मी फडताळात असतो. झाकणाचं रबर झिजलंय आणि आतून थोडा वास येतो, कारण एकदा पाहुण्यांनी माझ्यात दूध तसंच ठेवून मला आठवडाभर बंद केलं होतं. त्या आठवड्याइतका कोंडमारा मी कधी सोसला नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा आणि झाकण उघडं ठेवून वाळवा. आणि घरी कुणी दमून आलं तर आधी विचारा, किती वेळ राबलात आणि शेवटचं कधी जेवलात? तुमच्या हातात पाण्याचा पेला असावा, जेवणाचं ताट असावं की माझं झाकण, ते त्या उत्तरावरून कळेल. आमच्या घरी ते विचारणारं माणूस होतं, म्हणून बाई तलाव पार करू शकल्या.