नळीतून निघालेला विषाणू

१९९९च्या डिसेंबरातला एटापल्लीचा आठवडी बाजार. वडाखाली एकशे चौदा माणसे होती. त्यांत कडेवरची पोरे सव्वीस. मधोमध गुणवंत महाराज, हातात बांबूची नळी, पुढ्यात पाण्याची पितळी परात. पाण्यावर सात पिवळट दाणे तरंगत होते, प्रत्येक चण्याएवढा.

"सायन्सवाले ज्याले व्हायरस म्हनते, तो हाच!" महाराज गरजला. "डॉक्टर दुर्बिणीतून पाह्यते, मी नाकातून उपटतो!"

आठव्या पोराच्या नाकाला नळी लागली. महाराजाने गाल आत ओढले आणि थुंकला. आठवा दाणा. बायांनी हात जोडले.

ते पोर म्हणजे सोमारीचा दीड वर्षाचा बुधू. दर श्वासाला त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मी इथल्या दवाखान्यातली डॉक्टर. घड्याळ धरून मी श्वास मोजले : मिनिटाला बासष्ट. या वयात चाळीस म्हणजेच न्युमोनियाचा इशारा.

"सोमारीबाई, याला आत्ताच दवाखान्यात नेऊ. जीप उभी आहे."

"काऊन? इषाणू तर निंगला ना! तुमीच शाळेत दाखवला होता, म्याडम. असाच कोनाकोनाचा."

"म्याडमची पोटदुखी आहे!" मागून कोणी ओरडले. लोक हसले.

सोमारीचे खरे होते. आठ दिवसांपूर्वी मी शाळेच्या भिंतीवर सर्दीच्या विषाणूचे हातभर चित्र लावले होते : प्रथिनांचे कवच, वीस त्रिकोणी बाजूंचे. किती पटींनी मोठे काढले, ते लिहायचे मी विसरले. चित्र पाहायला महाराजही आला होता.

मी आठवा दाणा उचलून सोमारीच्या तळहातावर ठेवला. "बाजू मोज."

"...धा."

"उलटा कर."

"मांगून तं सपाट आहे, म्याडम."

"खऱ्या कवचाला वीस बाजू असतात. चित्रात समोरच्या दहाच दिसतात. यांनी चित्र पाहून दाणा घडवला. मागची बाजू यांना ठाऊकच नाही."

"देवाची परीक्षा घेते काय, पोरी?" महाराज किंचाळला.

मोहळ काढणाऱ्या लच्छूभाऊने दाणा हुंगला, नखाने दाबला. "हे तं मेन आहे. दाताचा वळ बी आहे याच्यावर. मागच्या बाजारात माह्यापासूनच नेलं नं, महाराज? आता तोंड उघडा जरा."

महाराजाने ओठ घट्ट मिटले. लच्छूभाऊने त्याचा गाल दाबला. आणखी दोन दाणे परातीत पडले.

महाराज जमावातून वाट काढत पळाला, नळी तिथेच राहिली. सोमारीने बुधूला छातीशी धरले. "चाला म्याडम, लवकर."

सर्दीच्या विषाणूचे कवच इतके बारीक असते, की एका मिलिमीटरात तेहतीस हजार ओळीने मावतील. ते डोळ्यांना दिसत नाही, नळीने ओढता येत नाही. दाखवणारा भेटलाच, तर त्याला आधी चूळ भरायला सांगा. आणि पोराला धाप लागली असेल, तर त्याचे श्वास मोजा आणि दवाखाना गाठा.

पाचव्या दिवशी दवाखान्यात मी बुधूचे श्वास मोजले : मिनिटाला चौतीस.