पुठ्ठ्याची अक्षरं

सम्यकने बनवलेला फॉन्ट दिसायला एकदम भांडखोर होता. जाड, अंग चोरून उभा, आणि गोलाई म्हणाल तर औषधालाही नाही. 'व'चं पोट गोल असतं हे बालवाडीतलं पोरही सांगेल, पण सम्यकच्या 'व'ला चक्क कोपरे होते. अंधेरीच्या ऑफिसात सुबोधसर म्हणाले, "पोस्टरला झकास आहे रे. फक्त अक्षरांचे उभे दांडे खाली तिरके कापलेत, ते सरळ कर." एरवी सगळ्याला मान डोलावणारा सम्यक पहिल्यांदाच नाही म्हणाला. दांडे तिरकेच राहिले.

कारण ही अक्षरं त्याची नव्हतीच, तेजलची होती. कांजूरमार्गला त्यांच्या वस्तीत भीमजयंतीच्या कमानीवरची अक्षरं दरवर्षी ती कापायची, बुटांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून. पुठ्ठ्यावर ब्लेड वळत नाही, म्हणून गोलाईच्या जागी कोपरे यायचे. कमान अरुंद आणि मजकूर लांबलचक, म्हणून अक्षरं दाटीवाटीने उभी. त्यात ती डावखुरी, त्यामुळे दांडा खाली हटकून तिरका जायचा. सम्यक शेजारी बसून त्यावर सोनेरी कागद चिकटवायचा. कितीदा मनातलं अगदी ओठांवर यायचं, आणि हा पठ्ठ्या म्हणायचा काय, तर "ब्लेड बदलू का?"

मग तेजल लग्न होऊन नागपूरला गेली. सम्यकने त्या लग्नात पंगतीला वाढलं, सगळ्यांशी हसून बोलला आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. तिची आठवण इतकी यायची की शेवटी तो तिची अक्षरं एकेक करून आठवायला लागला. त्यातूनच फॉन्ट झाला. बाजारात आल्यावर तो हां हां म्हणता पसरला. साकीनाक्याच्या होर्डिंगवर, नाटकांच्या जाहिरातींत, चहाच्या दुकानांवर. प्रत्येक पाटी पाहून सम्यकला एकच वाटायचं, हे तिला दिसू दे. आणि दिसलं तर कळू दे.

यंदा जयंतीला तेजल माहेरी आली. कमानीवर आता फ्लेक्स होता, अर्थातच याच फॉन्टातला. लेकीला कडेवर घेऊन, मान वर करून ती वाचत होती. सम्यक शेजारी जाऊन उभा राहिला.

"जय भीम. कसा वाटला फॉन्ट?"

"माझ्या अक्षरांना फॉन्ट म्हणतोस होय रे?" ती हसली. "नागपुरात आमच्या गल्लीतच पाटी लागली. बघितल्या बघितल्या ओळखलं. दोन वर्षं झाली त्याला."

"मग फोन का नाही केलास?"

"वाटलं, तुझा येईल."

"मला वाटलं, तू..."

"लग्नाच्या आधीही मी थांबलेच होते ना, सम्यक."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात विहारात वंदनेसाठी सगळे उभे राहिले. तेजलने चपला काढल्या, लेकीला सावरलं आणि आत गेली. सम्यक मागे जाऊन उभा राहिला. लहानपणापासून तोंडपाठ असलेली वंदना, पण त्या दिवशी तो सगळ्यांच्या एक ओळ मागेच म्हणत राहिला.