रेघेपर्यंत पाणी

"काका, पाणी कमी होतं का हिचं?" मिस्त्रीने बॉनेटखालून डोकं बाहेर न काढताच विचारलं.

"एक थेंब नाही."

"नक्की?"

"टाकीवर रेघ मारलीय मी. रोज सकाळी, गाडी थंड असताना, वाकून बघतो. रेघेच्या केसभर खाली गेलेलं दाखव, मिशी उतरवीन."

मिस्त्रीने डोकं बाहेर काढलं आणि आधी त्या मिशीकडे, मग गाडीकडे पाहिलं. दोन्ही सारख्याच जुन्या होत्या आणि दोन्हींची निगा सारखीच होती. पण हल्ली ही डिझेल गाडी सकाळी चालू केली की खोकायची, एका सिलिंडरवर लंगडायची आणि पांढरा धूर सोडायची. धूर तरी किती? समोरच्या इमारतीतल्या बायकांनी एकदा ढग उतरले समजून दोरीवरचे कपडे आत नेले होते. मग जरा तापली की अगदी शहाण्यासारखी चालायची. चढावर मात्र उष्णतेचा काटा हळूच वर सरकायचा.

"धुराला गोडसर वास येतोय," मिस्त्री म्हणाला. "पाण्याचा पाइप फुगून दगडासारखा होतोय. सगळं हेड गॅस्केटकडे बोट दाखवतंय. इंजिन उघडायचं म्हणजे मोठं काम आहे, खर्चाचं आहे. पण गॅस्केट फाटलं तर पाणी आत जायला पाहिजे, म्हणजे टाकीत कमी व्हायला पाहिजे. तुम्ही म्हणता होत नाही."

"म्हणत नाही. होतच नाही."

"मग एक रात्र गाडी इथे ठेवा. थंड इंजिनावर पंपाने दाब देऊन ठेवतो. सकाळपर्यंत दाब उतरला तर कळेलच."

"रात्रभर? इथे?" काकांनी शेडच्या कोपऱ्यात विटांवर बसवलेल्या, चाकं नसलेल्या दोन गाड्यांकडे नजर टाकली. "सकाळी बॉनेट माझं असेल रे. खालचं इंजिन कोणाचं असेल?"

मिस्त्री हसला आणि तिथेच फसला. काकांच्या हिशोबात आरोपावर हसणारा माणूस चोर असायचा, चिडणारा पक्का चोर आणि गप्प बसणारा टोळीचा म्होरक्या.

त्यांना सगळे रेघेकाका म्हणत, त्यालाही कारण होतं. हयातभर ते एका मोठ्या हॉस्पिटलात स्टोअरकीपर होते. तिथल्या स्पिरिटच्या बाटल्यांना रात्रपाळीत तहान लागायची. सकाळी बाटली भरलेली दिसे, पण आतलं अर्धं नळाचं असे. काका बोट बुडवायचे, बोटावर फुंकर घालायचे आणि बोट किती गार पडलं त्यावरून पाणी किती, घालणारा कोण आणि त्याने ते कुठल्या नळाचं घातलं हेही सांगायचे, असं जुने लोक अजून सांगतात. मग त्यांनी प्रत्येक बाटलीवर रेघ मारायला सुरुवात केली. हळूहळू रेघा घरीही आल्या; निवृत्त झाले तेव्हा स्टोअर सुटलं, रेघा सुटल्या नाहीत. साखरेच्या बरणीवर रेघ, तेलाच्या कॅनवर रेघ, चहाच्या डब्याच्या आतून रेघ. आंघोळीच्या साबणावरही होती म्हणतात; साबणावर रेघ टिकते कशी, हे मात्र सांगणाऱ्याला कोणी विचारलेलं नाही.

तर मिस्त्रीने अशा माणसाच्या रेघेवर विश्वास ठेवला. पाणी जात नाही म्हणजे गॅस्केट धड असणार, मग धूर अर्धवट जळलेल्या डिझेलचा असणार. त्याने ग्लो प्लग बदलले. धूर तसाच. इंजेक्टर काढून तपासायला पाठवले, त्यातला एक बदलला. धूर तसाच. काटा वर चढतो म्हणून थर्मोस्टॅट बदलला. काटा नव्या उत्साहाने चढू लागला.

आणि या सगळ्या वेळी रेघेकाका गॅरेजात एका उलट्या क्रेटवर बसून पहारा देत होते. डबा तिथेच खायचे, डुलकी एका डोळ्याने घ्यायचे. घरून येताना इंजिनाच्या प्रत्येक बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका लावून यायचे. बोल्ट खरंच फिरला तर ठिपका तुटणार. लेकीने आईला म्हणून पाठवलेली ती लाल बाटली काकूंच्या एकाही नखाला न लागता सगळी इंजिनावर संपली.

"काका, अहो, तुमच्यासमोर तर उघडतोय," मिस्त्री म्हणायचा.

"म्हणूनच उघडतोयस," काका म्हणायचे.

एके दिवशी मिस्त्रीने टाकीचं झाकण काढलं आणि तो थबकला. "हे एवढं फिक्कं कसं पडलं? थर्मोस्टॅट बदलला तेव्हा मी हिरवंगार कूलंट भरलं होतं. यात पाणी कोणी घातलं?"

काका क्रेटवरून उठले. त्यांनी टाकीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. बुळबुळीत काहीच लागेना. आतला जुना स्टोअरकीपर खडबडून जागा झाला. पातळी तीच आणि माल पातळ! हा खेळ त्यांनी आयुष्यभर पाहिला होता.

"कोणी घातलं, मला विचारतोस?" त्यांचा आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत गेला. "चांगला माल काढायचा, पाणी भरायचं, मग गॅस्केट गेलं म्हणून इंजिन उघडायला लावायचं! मिस्त्री, स्पिरिटवाले परवडले. ते निदान प्यायचे तरी!"

शेडमध्ये आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. सगळी इकडे बघू लागली. मिस्त्री हसला नाही, चिडला नाही. त्याने हात पुसले आणि किल्ली पुढे धरली.

"गाडी दुसरीकडे दाखवा काका. मला नाही जमत."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. काकांनी तो कबुलीजबाब समजून खिशात टाकला. घरी जाताना वाटेत औषधवाल्याच्या दुकानात थांबून त्यांनी सगळं सांगितलं, कॉलनीच्या फाटकाशी पुन्हा सांगितलं, संध्याकाळी बाकावर तिखटमीठ लावून सांगितलं. औषधवाल्याने दुसऱ्याच दिवशी आपली गाडी मिस्त्रीकडून काढली. आणखीही एक-दोघांनी काढली.

पण गाडी मिस्त्रीकडे न जाताही कूलंट आणखी फिक्कं होत राहिलं, तेव्हा काकांनी पुढचा शोध लावला: मिस्त्रीचा माणूस इथवर येतो! पहाटे, सगळे झोपलेले असताना. काका मग गजराशिवाय उठले आणि न्हाणीघराच्या झडपेला डोळा लावून उभे राहिले. खाली अंगणात गाडी, तिच्यावर दव. उजेड नुकताच फुटत होता. आणि चोर आला.

चोराने सराईतपणे बॉनेट उघडलं, दांडी लावली, टाकीचं झाकण काढून बॅटरीवर ठेवलं. मग हातातल्या प्लास्टिकच्या जगमधून धार धरली. मध्येच थांबून, गुडघे किंचित वाकवून, एक डोळा मिटून चोराने रेघ पाहिली. हुबेहूब काका बघतात तशी.

चोराच्या अंगावर काकूंचा स्वेटर होता. आत काकूच होत्या.

काका जिना उतरून अंगणात आले. "काय करतेस?"

काकू दचकल्या नाहीत. झाडांना पाणी घालताना कोणी हटकावं, तशा म्हणाल्या, "पाणी घालतेय. रोज थोडं लागतं हिला. हल्ली जरा जास्तच पिते."

"रोज? का?"

"रेघेखाली जातं ना."

"जाऊ दे ना! जाऊ दे म्हणून तर रेघ आहे! खाली गेलं तर मला कळेल!"

"कळलं असतं की. मग वॉचमनची चौकशी. मग वरच्या मजल्यावरच्यांची. मग तुम्ही जेवणार नाही, कोणाला जेवू देणार नाही." त्यांनी जग पायरीवर ठेवला. "मला वाटलं, पाणीच तर आहे. घातलं की झालं."

"मी मिस्त्रीला चोर ठरवलं, अगं!"

"ते मला नाही सुचलं," काकू म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "तो कसा मध्ये येईल, हे नाही सुचलं बघा. चहाच्या डब्यात तसं कोणी मध्ये येत नाही."

"चहाच्या डब्याचं काय?"

काकूंनी पदराने हात पुसले; पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसले. "भांडी घासायला बाई यायच्या, आठवतात? लेक शाळेत होती तेव्हा. डबा बोटभर खाली गेला म्हणून तुम्ही त्यांना काढलंत. रडत गेल्या. पुढे मी नवीन डबा भरला, कोणी हात लावला नाही, तरी तोही बोटभर उतरला. भुकटी आपोआप बसते खाली. नुसती हलवाहलव झाली तरी बसते."

"मग मला सांगायचं!"

"तुम्हाला?" काकू म्हणाल्या. "तेव्हापासून भरतेच आहे मी."

"काय काय?"

"सांगितलं तर मोजायला बसाल."

काकांनी पायरीवरचा जग उचलला, पुन्हा ठेवला. रेघेवर बरोबर टेकलेली साखर, रेघेवर टेकलेलं तेल, आपल्या घरात गळती नाही म्हणून हॉस्पिटलात सगळ्यांना दिलेली व्याख्यानं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असतील. काय गेलं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "चल. बस गाडीत."

"कुठे?"

"मिस्त्रीकडे. आत्ता."

त्यांनी धाडकन बॉनेट लावलं, स्टार्टर मारला, पांढऱ्या ढगातून गाडी बाहेर काढली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी निघताना रेघ पाहिली नव्हती. टाकी अर्धीच भरली होती आणि झाकण बॅटरीवरच राहिलं होतं.

पुलाच्या चढावर काटा लाल पट्टीत गेला. काकांना वाटलं, आता एवढा चढ संपला की उतारच आहे. माथ्याच्या अलीकडेच बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली, आत कोणीतरी खिळ्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज झाला आणि गाडी बसली. पुन्हा किल्ली फिरवली तर टक् एवढंच म्हणाली.

फोन लावायला काकांना जरा वेळ लागला.

"पुलावर आहे. बंद पडली," ते म्हणाले.

पलीकडे वाजणारी हातोडी थांबली. मग मिस्त्री म्हणाला, "स्टार्टरला हात लावू नका परत. येतो."

तो पिकअप घेऊन आला. बॉनेट उघडून त्याने बॅटरीवरचं झाकण उचललं, टाकीत पाहिलं. टाकी कोरडी होती. "पाणी किती होतं काका?"

अशा प्रश्नाला काकांकडे नेहमी एक नाव तयार असायचं. वॉर्डबॉयचं, शिपायाचं, वॉचमनचं. आजही एक नाव शेजारी उभं होतं, स्वेटर घालून, पुलाच्या कठड्याकडे बघत.

"रोज जात होतं," काका म्हणाले. "आम्ही भरत होतो."

"आम्ही?" मिस्त्रीने दोघांकडे पाहिलं.

"आम्ही."

"पहिल्याच दिवशी हे सांगितलं असतं तर तेव्हाच हेड उघडलं असतं. इंजेक्टरला हात लावला नसता."

"हं."

"आता हेड वाकलं असणार. ब्लॉकला तडा गेला असेल तर…" पुढचं त्याने सांगितलं नाही. आत आजारी माणूस झोपलं असावं, तसं बॉनेट दोन्ही हातांनी सावकाश खाली ठेवलं. मग दोरी काढली.

"मिस्त्री, मी लोकांना सांगितलं की तू…"

"ऐकलंय मी," मिस्त्री गाठ आवळत म्हणाला.

पिकअप पुढे, गाडी मागे, अशी वरात निघाली. इंजिन बंद, त्यामुळे स्टिअरिंग जड झालेलं आणि ब्रेक दगड. काकांचा पाय मात्र त्या दगडावरून हलत नव्हता. पिकअप जरा वेग घ्यायची की काका ब्रेक दाबायचे, दोरीला हिसका बसायचा आणि काकूंची मान पुढे जायची. बाजाराच्या रस्त्याला औषधवाला दुकान उघडत होता.

"काय रेघेकाका! सापडला का चोर?"

काकांनी काच खाली केली. "चोरी झालीच नव्हती. तू तुझी गाडी परत मिस्त्रीकडे ने."

"काय म्हणता?"

"गाडी मिस्त्रीकडे ने म्हणतो! चूक माझी होती!" काका असे ओरडले की तीन दुकानं पलीकडचा न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला.

पिकअप थांबली. मिस्त्री उतरून मागे आला, खिडकीशी वाकला. काकांना वाटलं, आता हा काहीतरी बोलेल.

"काका, ब्रेकवरचा पाय काढा. दोरी तुटेल."

"तू मध्येच थांबलास तर?"

"थांबायच्या आधी हात दाखवीन."

"आणि नाही दाखवलास तर?"

मिस्त्रीने मान खाजवली. "विश्वास नका ठेवू काका. नुसता पाय उचला."

तो गेला. दोरी ताणली गेली, गाडी हलली. काकांनी पाय उचलला. पाय जरा वेळ तसाच अधांतरी राहिला, कुठे जावं ते त्याला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी तो मागे घेऊन सीटखाली ठेवला. चाकांखालच्या खडीचा आवाज ऐकू येत होता. शेजारी काकू सीटच्या कडेवर बसल्या होत्या, लग्नानंतर या माणसाच्या प्रत्येक वाहनात बसल्या तशाच. बऱ्याच अंतरानंतर त्यांनी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली, पाठ टेकवली आणि डोळे मिटले.

समोर रस्ता दिसत नव्हता. पिकअपची मागची फळी दिसत होती, तिच्यावरचा चिखल आणि खिडकीबाहेर अजून न आलेला मिस्त्रीचा हात.