दोन खिळ्यांमधला बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. ठशाखाली माझ्या अंगावर आकडा उमटला आणि मी अग्निशमन केंद्रातल्या एका जवानाच्या वाट्याला आलो. फळ्यावर माझ्यासाठी दोन खिळे होते, एक 'कामावर', दुसरा 'घरी'. पाळी बदलली की माझी जागा बदले. तो मला बाहीने पुसून अडकवी, म्हणून साहेबही माझ्या चकाकीचं कौतुक करत.

तो शेवटचा दिवस अगदी साधा होता. पाळी संपली, त्याने मला 'घरी' अडकवलं आणि नेहमीप्रमाणे तिथेच पाण्याचे पाइप गुंडाळत बसला.

"दादा, घरी जा की. वहिनींनी हाकललंय का?" गाडीचा चालक म्हणाला.

"घरी गेलो की ती दूध आणायला पिटाळते. इथे निदान घंटा तरी वाजवतात."

तेवढ्यात घंटा वाजलीच. तो उठून पळाला. आग विझवताना कापडाच्या गोदामाचं छत कोसळलं आणि तो परतला नाही.

मी मात्र 'घरी'च्या खिळ्यावर लोंबकळत राहिलो. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. कामावर मरण आलं तरच मागे राहिलेल्यांना आधाराची रक्कम मिळते. मला पाकिटात बंद केलं, पुन्हा काढलं, या टेबलावरून त्या टेबलावर नेलं. कुणी पुसलं मात्र नाही. माझ्यावर काळे डाग चढले.

शेवटी चौकशी अधिकाऱ्यांसमोर गाडीचा चालक आणि माझ्या जवानाची मुलगी असे दोघे बसले. मुलीची आई आजारी होती. त्या रकमेवरच आईचं पुढचं सगळं होतं.

"बिल्ला तर 'घरी'च्या खिळ्यावर होता," अधिकारी म्हणाले.

"साहेब, घंटा झाली की माणूस गाडीकडे पळतो, फळ्याकडे नाही. गाडीत माझ्या शेजारीच बसले होते ते," चालक म्हणाला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना कुठे टांगलंय तेवढंच सांगता येतं. माणूस कुठे होता, हे त्याच्या सोबत्यांना विचारत जा.

अधिकाऱ्यांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग लिहिलं: कामावर.

"झालं, ताई. आईला कळवा," चालक म्हणाला.

ती उठली नाही. इतके महिने ती मोजकंच बोलली होती. तिने मला तळहातावर घेतलं.

"बरोबर लिहिलंत. सुट्टीच्या दिवशी जेवतानाही ते कामावरच असायचे," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, मला तुम्ही घरी हवे होतात."