शिवणीतली तुळस

सानिका पेंग्विन मोजायला निघाली तेव्हा आयर्लंडमध्ये लेकाकडे राहणाऱ्या अलकनंदाबाईंनी नाक मुरडलं. "एवढं शिकून पाखरंच मोजायची, तर कॉर्कच्या बंदरावर कावळे कमी आहेत का?"

नात इंग्रजीत काहीतरी फाडफाड बोलली. तिचा बाप यशोधन, जवळच्या रिंगास्किडी गावातल्या औषध कारखान्यातून नुकताच आलेला, मधे बसून मराठी करून सांगू लागला. पार दक्षिणेला बर्फाजवळ एक बेट आहे. पूर्वी देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून तिथं उंदीर उतरले आणि त्यांनी पाखरांची अंडी-पिल्लं फस्त केली. मोठ्या खटपटीनं बेट साफ झालंय. आता बाहेरचं गवताचं बीसुद्धा तिथं चालत नाही.

म्हणून तर पोर चिमटा घेऊन बुटांच्या भेगा कोरत बसली होती.

"उवा काढतेस का गं?" अलकनंदाबाई म्हणाल्या. पोर हसली नाही.

वर्षभर पोर जिथं देव नाही, देऊळ नाही अशा जागी राहणार. तिला तसंच रिकामं कसं पाठवायचं? सानिका अंघोळीला गेली तशी बाईंनी तिच्या जाड जाकिटाची शिवण उसवली, सुकल्या मंजिऱ्या आत भरल्या आणि टाके असे घातले की शिंप्यानं लाजावं. गवताचं बी चालत नाही म्हणाले ना? तुळस काय गवत आहे?

बोटीवर चढण्याआधी शेवटची तपासणी झाली. तपासणाऱ्या बाईच्या बोटांना शिवण जाड लागली; उसवली तर आत बी. सामान स्वच्छ आहे असं सानिकानं सही करून दिलेलं. मोजणीच्या तुकडीच्या प्रमुखानं तिला चढू दिलं नाही आणि बोट सुटली. फोनवर ऐकून यशोधन आईला एवढंच म्हणाला, "तिनं सहा वर्षं याचीच वाट पाहिली होती."

"पोरीच्या रक्षणाला घातली. बाँब नव्हता घातला," बाई ताठ मानेनं म्हणाल्या.

सानिका परत आली. दारात बाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. ती ओवाळू न देता आत गेली, मग वळली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तुला मी जायला नको होते. मुद्दाम केलं ना?"

मुद्दाम नव्हतं. पण फोन आला त्या घटकेला, लाज वाटायच्या आधी, बाईंना हायसं वाटलं होतं, पोर परत येतेय म्हणून. ते आठवलं आणि बाई स्वयंपाकघराकडे वळल्या.

"हातपाय धू," त्या म्हणाल्या. "वाढते."

सानिकानं बॅग उचलली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली.