भाकरी कुणी खाल्ली?

मी बोलतोय, हिंदी मुलखातल्या बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीतल्या क्वार्टरमधला तीन पुडांचा स्टीलचा डबा. माझ्या झाकणावर 'सौ. रत्नप्रभा हिला मामांकडून' असं कोरलंय. तिच्या लग्नात मी नागपूरहून आलो आणि तिच्या नवऱ्याबरोबर, नरहररावांबरोबर, रोज सकाळच्या भोंग्याला कारखान्यात जाऊ लागलो.

माझी एकच घमेंड होती. मी कधी उष्टं घेऊन घरी आलो नाही. संध्याकाळी मला लख्ख रिकामा बघून बाईंचा चेहरा खुलायचा.

मग नरहररावांना साखरेचा आजार निघाला. बाईंनी कंबर कसली. पहाटे उठून ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची उसळ, कच्ची काकडी! तरी दर तपासणीला साखर चढलेलीच.

"कँटीनमध्ये जिलब्या हाणत असाल," बाई फणकारायच्या.

"नाही गं," एवढंच ते म्हणायचे.

खरं मला ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीआधी ते मला भट्टीजवळ गरम करायला ठेवत आणि मग माझं झाकण उजव्या गालाला लावून बसत. मला वाटलं, माझ्यावर माया! मी मेला वेडा. हळूहळू झाकणातून मला त्या गालाची ठसठस कळू लागली. दाढ आतून सडली होती. पाण्याचा घोट घेतला की त्यांचे डोळे मिटत, कळ कानापर्यंत जाई, तोंडाला वास येई. भाकरीचा एक तुकडा ते डावीकडे कसाबसा घोळवत आणि बाकीचं शेजारच्या लेथवरच्या शंकरला देत.

"सुबह पाँच बजे उठकर थापती है बेचारी," ते म्हणत. "वापस कैसे ले जाऊँ?"

शंकर मला पुसून काढी आणि मी चोरासारखा रिकामा घरी येई.

पुढे जबड्याखाली गाठ आली. पँट ढिली झाली. एक दिवस हुडहुडी भरून ताप चढला आणि नरहररावांनी अंथरूण धरलं. संध्याकाळी शंकर भेटायला आला आणि दारातच हात जोडून उभा राहिला.

"भाभीजी, दो महीने से आपकी भाकरी मैं ही खा रहा हूँ. इनसे चबाया नहीं जाता."

बाई मला घासत होत्या. त्यांचा हात थांबला. तशाच राखेच्या हातांनी त्या आत गेल्या.

"अहो, आ करा बघू."

हिरडीवर पुवाचा फोड होता. त्याच पावली रिक्षा करून त्यांनी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "या पुवामुळेच साखर चढत होती, आणि साखरेमुळे पू हटत नव्हता. आणखी थांबला असतात तर विष अंगभर पसरलं असतं."

"मला सांगायचं नाही?" बाई रडल्या.

"तू एवढी खपतेस. वाईट वाटलं असतं तुला."

"आणि तुम्ही गेला असतात, तर बरं वाटलं असतं?"

दाढ काढली, औषधं झाली. ताप उतरला, मग साखरही. पुन्हा कामावर निघाले, तेव्हा बाईंनी माझ्यात ज्वारीच्या मऊ कण्या आणि ताक भरलं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच उष्टं घेऊन आलो. शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी झाकण उघडलं, तळाशी उरलेले चार घास बघितले आणि ओट्याशी उभ्या उभ्याच खाऊन टाकले.

"आज खरं जेवलात," त्या म्हणाल्या.

आता नरहरराव निवृत्त झालेत आणि मी फळीवर लवंगा सांभाळत बसलोय. रिकाम्या डब्यावर खूश होणाऱ्या बायाबापड्यांनो, माझ्यासारख्याच्या लख्खपणावर जाऊ नका. माणसाला विचारा. आमच्या बाई अजून पहिल्या घासाला विचारतात, "दोन्हीकडून चावताय ना?"

आणि म्हातारा आ करून दाखवतो.